डावा कोपरा

काच रिकामी होती. इतकी रिकामी, की उजेडाकडे धरल्यावर पलीकडचा कडुनिंब, त्याच्या सावलीत लावलेली रुग्णवाहिका आणि तिच्या पायरीवर डबा उघडून बसलेला चालक हे सगळे तिच्यातून जसेच्या तसे दिसत होते — मध्ये काही आहे हे फक्त बोटांना कळत होते. एका टोकाच्या खरखरीत पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेला चारचा आकडा तेवढा शिल्लक होता. रत्नमालेने त्यावरून अंगठा फिरवला. आकडा गेला नाही. हायपोच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या ब्लीचच्या, पाण्यात रक्त विरते, रंग उडतो, पेन्सिल मात्र राहते — हे तिने इतक्या वर्षांत कितीदा तरी पाहिले होते, आणि तरी आज ते नव्यानेच कळल्यासारखे, जरा दुष्टपणाचेही वाटले. सगळे घेऊन जायचे आणि कोणाचे घेतले तेवढे मागे ठेवायचे.

प्रयोगशाळेबाहेरच्या लाकडी बाकावर ती बसली होती. अंगात पांढरा कोट होता, गुलमंडीच्या बाजारातून कापड आणून शिवून घेतलेला. परिचरांचा निळा गणवेश आज घालायचा नाही, असे शिकवणाऱ्या मेघा मॅडमनी आधीच्या शनिवारी बजावून सांगितले होते. जेवणाची सुटी चालू होती. सुटीनंतर परीक्षा पुन्हा होणार होती, आणि ती पुन्हा होणार होती ती रत्नमालेमुळे.

झाले ते सांगायला थोडकेच होते. रुग्णालयाच्या या प्रयोगशाळेत नळ्या वाहणारे, काचा धुणारे, बेसिन घासणारे जे सहा परिचर होते, त्यांच्यासाठी वर्षभर दर शनिवारी प्रशिक्षण चालले होते आणि आज त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती. उत्तीर्ण होतील ते प्रयोगशाळा सहायक — धुण्याच्या खोलीतून बाहेर, टेबलाशी, स्टुलावर बसून काम करणारे. उरतील ते आहेत तिथेच. असे प्रशिक्षण पुन्हा निघेल की नाही हे कोणी सांगत नव्हते, आणि निघाले तरी तोवर रत्नमालेची नोकरी संपत आलेली असणार होती. रक्ताचा एक थेंब काचेवर जिभेसारखा लांबट, टोकाला शेपटासारखा पातळ पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा, आणि बाहेरगावच्या तंत्रनिकेतनातून आलेल्या परीक्षकांपुढे ठेवायचा. सहाही जणांनी ठेवला. ट्रे बेसिनच्या डाव्या बाजूला ठेवा, असे परीक्षकांनी सांगितले, कारण खिडकीचा उजेड तिथे चांगला येत होता. ते बाहेरचे होते. त्यांना ठाऊक नव्हते. या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली वाचून झालेली काच तंत्रज्ञ त्या डाव्या कोपऱ्यात सरकवतात — न बोलता, मान वर न करता — आणि परिचर ती उचलून हायपोच्या बरणीत सोडतो. असे कोठे लिहिलेले नाही. कोणी कोणाला शिकवलेलेही नाही. पण त्या कोपऱ्यात जे गेले ते पाहून झालेले, संपलेले असते. परीक्षक आणि मेघा मॅडम चहाला गेले, बाकीचे व्हरांड्यात पाय मोकळे करायला गेले, आणि रत्नमालेने ट्रे उचलून सहाही काचा बरणीत सोडल्या.

पाण्यात काचेवर काच बसल्याचा बारीक आवाज झाला. रोजचाच आवाज. तो ऐकला आणि मगच तिला कळले.

“मावशी, हे काय केलंत?” मेघा मॅडम दारातच थबकून म्हणाल्या होत्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या कोणावर ओरडत नाहीत. वयाने रत्नमालेच्या मुलीसारख्या, पण शिकवताना धीराच्या. तिला लागले ते ‘मावशी’. प्रयोगशाळेत सगळ्या परिचर बायका मावशी आणि सगळे पुरुष मामा. नाव कोणाचेच नाही, आणि त्यात वाईट असे कोणी मानत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या शनिवारी मेघा मॅडमनी हजेरी घेतली, ‘रत्नमालाताई’ म्हणून हाक मारली, आणि रत्नमालेला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण ती हाक कोणाला आहे हेच तिला क्षणभर उमगले नाही. त्यानंतर वर्षभर ताई. आज एका आवाजाबरोबर ते वर्षही बरणीत गेले… मॅडमच्या लक्षातसुद्धा आले नसेल.

परीक्षक मात्र शांत होते. पांढरे केस, दोरी लावलेला चष्मा. बरणीत डोकावून म्हणाले, “असू द्या, मॅडम. हाताची सवय आहे ती. यात त्यांचा काही दोष नाही. जेवणानंतर पुन्हा घेऊ.”

दोष नाही. हे वाक्य तिला बाकावर नीट बसू देत नव्हते. ती उठली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली. काच खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली. माणूस रागावला असता तर सोपे झाले असते, रागाला खाली मान घालून उभे राहता येते. पण हे वाक्य मऊ होते आणि त्याच्या आत काहीतरी टणक होते, आणि ते टणक नेमके कोठे आहे हे तिला सापडत नव्हते. हाताची सवय. म्हणजे हात वेगळा आणि ती वेगळी. वर्षभर शिकली ती ती, आणि धुतले ते हाताने.

“आक्का, काचंत भविष्य दिसतंय का काय?”

कडुबा होता. तिच्याबरोबरचाच परिचर, वयाने थोडा लहान, तंबाखू सोडल्यापासून सतत बडीशेप चघळणारा. त्याच्याही अंगात पांढरा कोट होता, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“तुझी चांगली झाली होती का रे?” तिने विचारले.

“माझी? लई झकास. जीभ अशी काढली होती, उन्हात दमलेलं कुत्रं काढतं ना, तशी. लांब, सरळ, टोकाला पातळ.” तो शेजारी बसला. “सायबानं बघितली असती तर म्हणला असता, कडुबाराव, तुम्ही बसा, मी चहा आणतो.”

तिला हसू आले नाही. “मी मुद्दाम नाही केलं,” ती म्हणाली.

“आता हे कोण म्हणलं?” कडुबाने तिच्याकडे वळून पाहिले. “मुद्दाम करायला डोकं लागतं, आक्का. आपल्याला कुठं हाय ते. मागं मी मोठ्या डॉक्टरसायबाचा चष्मा हायपोत टाकला होता का नाय? कोपऱ्यात दिसला, टाकला. सायेब दिवसभर म्हणतंय, माझा चष्मा, माझा चष्मा. मी बी शोधू लागलो त्यांच्यासंगं.” त्याने तळहातावर बडीशेप ओतून तिच्यापुढे धरली. “घ्या. परत काढू जीभ. एकदा आली ती दुसऱ्यांदा बी येती.”

“आणि नाही आली तर?”

“मग तुमच्या नावानं बोंब मारीन. अजून काय करणार?”

तो उठून गेला. त्याने सहज म्हटले होते, आणि सहजच माफ केले होते, आणि त्याचीही माफी परीक्षकांच्याच जातीची होती. मुद्दाम करायला डोकं लागतं.

तिने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून लावून पाहिले, पायरीपायरीने, जसे मेघा मॅडम कृती सांगताना लावतात. परीक्षक उठले. मॅडम उठल्या. खुर्च्या सरकल्या. कडुबा आणि बाकीचे दाराबाहेर पडले. तोटी ठिबकत होती — ती नेहमीच ठिबकते, जोर लावून पिळल्याशिवाय बंद होत नाही. मी तोटी पिळली. हात कोटाला पुसायला गेला, कोट पांढरा आहे म्हणून थांबला, मग मी वळले… आणि ट्रे बरणीवर कलता होता. तोटी आणि बरणी यांच्या मध्ये काहीतरी होते. तिथे तिला जाता येत नव्हते. काळोख नव्हता, उलट तिथे खिडकीचा उजेड लख्ख होता, आणि त्या उजेडात ओळीने सहा काचा होत्या, आणि त्यांतली चौथी —

चौथी वाईट होती.

हे कोणालाच ठाऊक नव्हते. थेंब मोठा पडला होता. पसरवणारी काच तिरपी धरायची असते. ती उभी झाली की थर जाड होतो, आखूड होतो, टोकाला शेपूट उरत नाही. हे तिला पाठ होते, आणि परीक्षक पाठीशी येऊन उभे राहिले तेव्हा तिचे मनगट ताठले आणि काच उभी झाली. रंगही जास्त वेळ राहिला. धुतल्यावर ती गुलाबी दिसायला हवी होती, ती निळसर काळपट दिसत होती, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यासारखी. शेजारी कडुबाची तिसरी होती, आणि ती खरोखरच त्याने सांगितली तशी होती. म्हणजे मी पाहिले होते. दोन्ही पाहिल्या होत्या, शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. प्रश्न एवढाच, की ते ट्रे ठेवताना पाहिले की उचलताना.

रोज काचा उचलताना ती पाहत नाही. धुणे धुणारा कपड्यावरची नक्षी पाहत नाही तसे. जर आज उचलताना पाहिले असेल तर ती सवय नव्हती… मग ते काय होते? कोणीतरी आतून म्हणाले असेल का, की ही दिसू नये. आणि एकटी चौथी कशी उचलणार, म्हणून मग सहाही? इतका हिशेब त्या एवढ्याशा वेळात होतो का? कडुबा म्हणतो डोके लागते. आणि ते नसेल तर सवय, आणि सवय असेल तर परीक्षक म्हणाले ते खरे, की दोष नाही, की या बाईच्या हातात धुण्याशिवाय दुसरे काही उरलेले नाही. दोन दारे होती आणि दोन्हींतून आत जायला तिचा पाय उचलत नव्हता.

फोन वाजला. आई होती, केसरबाई. नवरा गेल्यापासून रत्नमाला फुलंब्रीला आईजवळच राहत होती आणि रोज एसटीने ये-जा करत होती.

“झाली का?” आईने विचारले.

“दुपारी परत आहे.”

“परत? का गं, नापास केलं का काय?”

“नाही. सगळ्यांचीच परत आहे.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. “मग बरंय,” केसरबाई म्हणाली. “सगळ्यांचीच व्हय तर मग काय. जेवलीस का? डब्यात लोणचं हाय खाली, वरवरचं खाऊन उठू नको.”

“हो.”

“आन् शेपूट नीट काढ.”

फोन ठेवल्यावर ती डब्याकडे गेली नाही. शेपूट नीट काढ… पावसाळ्यात रत्नमालेने टाकून द्यायच्या नव्या, कडेला टवका गेलेल्या काचा मॅडमला विचारून घरी नेल्या होत्या आणि रात्रीचे जेवण झाल्यावर बिटाचा रस घेऊन ती थेंब पसरायचा सराव करायची. केसरबाई समोर मांडी घालून बसायची. तिला वाचता येत नाही, पण कोणती काच चांगली आणि कोणती वाईट हे ती चारपाच दिवसांत सांगू लागली होती. “ह्यात नेमकं काय बघत्यात?” “शेपूट.” “आन् शेपटाला मार्क?” ती तोंडाला पदर लावून हसली होती, आणि मग हसणे थांबवून तिने एक काच दिव्याकडे धरून बराच वेळ पाहिली होती.

तिच्या बापाने, रत्नमालेच्या आज्याने, धम्म घेतला त्या साली गावातली मेलेली जनावरे ओढायचे बंद केले. गावाने दाणे बंद केले, विहिरीवरून बोलणी बसली. त्याने दोर पुन्हा हातात घेतला नाही. ही गोष्ट घरात मोठ्या आवाजात कधी सांगितली जात नाही. भाकरी करताना, निवडण करताना, अर्ध्या वाक्यात येते आणि जाते. रत्नमाला रुग्णालयात लागली तेव्हा केसरबाईने विचारले होते, “काम काय?” “काचा धुवायच्या.” आई थोडी थांबली. “काचाच ना,” ती म्हणाली. “काचा धुण्यात हलकं काय नाय.” त्या थांबण्याची रत्नमालेला इतकी वर्षे आठवण झाली नव्हती. आज ते सबंध आठवले. चूल, आईचा पाठमोरा खांदा, आणि मध्ये लोंबकळलेला तो वेळ.

आज्याच्या हाताला दोराची सवय नव्हती का? वीस-पंचवीस वर्षे ओढलेला दोर. गोठ्याशी गिधाडे उतरली की हात आपोआप भिंतीकडे, खुंटीकडे जात नसेल? गेलाही असेल. कोणाला माहीत, पहिल्या वर्षी कितीदा गेला असेल आणि त्याने तो तिथेच हवेत थांबवून त्याच्याकडे पाहिले असेल… आईने सांगितलेल्या गोष्टीत तेवढे नाही. गोष्टीत तो एका दिवसात थांबतो.

दार उघडले. “मावशी, चला, सुरू करतोय,” मेघा मॅडम म्हणाल्या, आणि तिच्याकडे पाहून किंचित हसल्यासुद्धा. राग गेला होता. हाक तीच राहिली होती.

आत रक्ताच्या, जांभळ्या टोपणाच्या नळ्या पुन्हा मांडून ठेवल्या होत्या. ट्रेची जागा बदलली होती. तो आता उजवीकडे, फ्रिजच्या वरती, हात उंच केल्याशिवाय पोहोचणार नाही असा ठेवलेला होता. कडुबाने एकदा ट्रेकडे, एकदा तिच्याकडे पाहिले आणि बडीशेपेचा दाणा दातांखाली फोडला. मूल रांगू लागले की घरातल्या वस्तू अशाच वर चढतात.

तिने हातमोजे चढवले. पेन्सिलीने चार लिहिले. थेंब घेतला — लहान, या वेळी लहान. पसरवणारी काच थेंबापर्यंत मागे आणली, थेंब कडेने धावत गेला, तिने ती तिरपी ठेवली, मनगटात तोच ताठरपणा येतो आहे हे तिला कळले, आणि त्याच्याशी भांडत न बसता तिने काच पुढे ढकलली. जीभ उतरली. लांबी बरी होती. पण शेवटाला, शेपूट पातळ होत जाते तिथे, एका बाजूने थर फाटला होता, कुरतडल्यासारखा. दुसरी काच मागता आली असती. एक काच बिघडली तर दुसरी घेण्याची मुभा होती, कडुबाने घेतलीही होती. तिने मागितली नाही. का, हे तिने स्वतःला विचारले नाही. वाळू दिली. रंग ओतला, थांबली, पाणी घातले, वरून हलकेच फुंकर मारून दोन्ही मिसळू दिले, पुन्हा थांबली. धुतली. रंग या वेळी गुलाबी आला होता. फाटलेला भाग मात्र रंगाने उलट जास्तच उठून दिसत होता.

बाकीच्यांनी आपापल्या काचा वर ट्रेमध्ये ठेवल्या. ती काच दोन बोटांत धरून उभी राहिली. मग फ्रिजकडे न जाता ती बेसिनपाशी गेली आणि आपली काच तिने डाव्या कोपऱ्यात ठेवली.

“अहो, तिथं नको,” मेघा मॅडम पटकन म्हणाल्या. “इकडे द्या माझ्याकडे.”

“माझी एकटीचीच आहे, मॅडम. राहू द्या.”

“पण तिथं—”

“मी उभी आहे इथं.”

मॅडमनी परीक्षकांकडे पाहिले. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. “राहू द्या की,” ते म्हणाले. “मी सकाळी तेच तर सांगितलं होतं. उजेड तिथंच बरा आहे.” आणि ते स्टूल ओढून सूक्ष्मदर्शकाशी बसले. पहिली काच घेतली.

कडुबा तिच्या मागे येऊन हळूच पुटपुटला, “आक्का, आता परत टाकली ना, तर मी गाव सोडून जाईन.”

काच कोपऱ्यात होती. रंगाचा एक ओघळ कडेने सुकत होता, खालच्या फरशीवर जांभळा डाग पडत होता. पुसायला फडके हाताशीच होते, बरणी हाताशीच होती, झाकण उघडे होते. दोन्ही हात तिने काचेच्या दोन बाजूंना ओट्यावर टेकवले, खिशात घातले नाहीत. खिशात घातले तर कळणार नाही. आणि आता तिला बाकी काही नको होते, कोणी दोष दिला काय आणि काढून घेतला काय. तिला ते बघायचे होते. हात निघतो का. निघाला तर कोठून निघतो, मनगटातून, खांद्यातून, की त्याच्याही मागे कोठून. आणि निघण्याआधी तिला विचारतो का. सकाळी तोटी आणि बरणी यांच्या मध्ये जे होते, ते पुन्हा येणारच होते, आणि या वेळी ती तिथेच उभी होती.

परीक्षकांनी दुसरी काच सरकवली. नजर न उचलता त्यांनी तिसरी मागितली, कडुबाची. ते ती बराच वेळ पाहत राहिले. कडुबाचे चघळणे थांबले होते.

उजव्या हाताच्या तर्जनीत काहीतरी हलले. अगदी थोडे. झोपेत जनावराचे कातडे थरथरते तसे. तिने पाहिले. ते बोट तिचेच होते, त्यावर कापल्याचा जुना पांढरा व्रण होता, आणि ते ओट्यावरून उचलले गेले नाही. अजून तरी गेले नाही. फाटलेल्या शेपटावर खिडकीचा उजेड पडला होता. दिसू दे, तिच्या मनात आले, आणि लगेच भीती वाटली, आणि भीती तिथेच राहिली, पण ते मनात आलेलेही तिथेच राहिले.

तोटी पुन्हा ठिबकू लागली होती. नुसता हात लांब केला तर पोहोचत होती. रत्नमालेने ती बंद केली नाही.